किती वाजता येशील?

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकवलेलं असतं. आमचं घर कसं चाललंय हे कोणाला बघायचं असेल तर त्याने तिथे दोन मिनिटं उभं राहावं. निळ्या पेनाने दुधाचे खाडे. सासूबाईंच्या बारीक अक्षरात ‘सिलिंडर लावला’. लेकीची गणिताची चाचणी, सोसायटीची मीटिंग, पाणी न येणारा गुरुवार. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार पानांवर एखाद्या रविवारच्या कोपऱ्यात हिरव्या स्केचपेनाने काढलेला छोटा त्रिकोण. त्रिकोण म्हणजे त्या दिवशी मी कुठल्या तरी कड्यावर असणार. त्याच्या खाली दोन आकडे: ‘सं. ७’ आणि ‘रा. ११’.

आधी तिथे एकच आकडा असायचा. दुसरा कसा आला ते सांगायचंय, पण त्यासाठी जरा मागे जायला हवं.

मी पहिल्यांदा दोराला बांधून घेतलं ते २००३ साली, एकोणिसाव्या वर्षी, खंडाळ्याच्या नागफणीवर. कॉलेजच्या ग्रुपबरोबर कुरवंड्यातून वर गेलो होतो. मोठ्या मुलांनी कमरेला हार्नेसचे पट्टे चढवले, गाठ दोनदा तपासली आणि म्हणाले, ‘चढ’. पहिल्या पंधरा फुटांत पाय लटलट कापत होते. मग एका खाचेत चार बोटं पेरापर्यंत आत गेली. बाहेर ऊन तापलेलं आणि त्या खाचेत दगड मात्र थंडगार, रांजणाच्या तळासारखा. तिथे मी थांबले, श्वास घेतला, खाली बघितलं आणि वर बघितलं. त्या थंड खाचेत हात असताना डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. परीक्षा नाही, घरची चिंता नाही, मी कशी दिसते हे नाही. पुढचा पाय कुठे, एवढंच. बावीस वर्षं झाली, मी अजून त्यासाठीच जाते.

लग्न ठरवताना पोहे झाले आणि आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तेव्हा त्याचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. टोकांची कातडी सोलवटलेली होती. “भाजलं का?” त्याने विचारलं. आदल्याच रविवारी मी तेलबैलच्या कड्यावर होते. मी सगळं सांगितलं. कडा, दोर, मोहीम, आणि हे लग्नानंतर सुटणार नाही हेही. त्याने ऐकून घेतलं आणि स्वतःचा उजवा हात पुढे केला. तर्जनीच्या टोकाला कडक झालेली कातडी. तो लहानपणापासून तबला वाजवायचा. “मलाही घट्टा आहे,” म्हणाला. त्या घट्ट्यावर आमचं लग्न ठरलं असं आम्ही अजून म्हणतो.

लेक झाली तेव्हा मी तीस वर्षांची होते. दोर, हार्नेस, दोर अडकवायच्या कड्या म्हणजे कॅराबिनर, सगळं एका गोणीत घालून माळ्यावर टाकलं. वर्षभरात काढू असं वाटलं होतं, चार वर्षं गेली. नायलॉनचा दोर नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. दहा वर्षांनी तो वापरातून काढावा असं बनवणारेच सांगतात. माझा दोर कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घेतलेला. माळ्यावरून उतरवला तेव्हा त्याची मुदत संपून गेली होती. फेकवेना. त्याचे दोन तुकडे केले. एकावर बाल्कनीत कपडे वाळतात, दुसऱ्याचा लेकीला झोका बांधला. त्या दोरावर मी वानरलिंगी सुळक्याच्या माथ्यावर गेले होते, आणि आता त्यावर माझी मुलगी ‘जोरात, आई, जोरात’ म्हणत होती. मला तेव्हा रडू आलं. वाईट वाटून की आनंदाने, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

शरीर परत मिळवायला दीड वर्ष लागलं. बाळंतपणाने पोटाचे स्नायू मधोमध सैल होतात. तिथली ताकद आली नाही तर कड्यावर पाय उचलताना कंबरेवर सगळा भार येतो, हे मला एका फिजिओथेरपिस्टबाईंनी समजावलं. महिनोन् महिने त्यांनी मला उताणं झोपवून नुसता श्वास सोडायला लावला. मला चढायचं होतं, त्या म्हणायच्या, आधी श्वास. त्यांचं बरोबर होतं. दुसरी गोष्ट बोटांची. स्नायू महिन्या-दीड महिन्यात तयार होतात, पण बोटांतल्या कंडरा फार सावकाश जमतात. डोक्याला जुनी ताकद आठवते, दंडाला थोडी आलेली असते आणि बोटं मागे राहतात. घाईत जोर लावला की बोटातून चटका निघतो आणि तीन महिने बसायची वेळ येते. ज्या आया पुन्हा सुरुवात करताहेत त्यांना मी एवढंच सांगते: तुमच्या बोटांचं वय वेगळं मोजा.

नवऱ्याने बाल्कनीच्या दाराच्या चौकटीवर ड्रिल मारून लाकडी फळी बसवून दिली, बोटांनी लटकायची. सात सेकंद लटकायचं, तीन सेकंद सोडायचं, असं सहा वेळा म्हणजे एक फेरी. मग तीन मिनिटं विश्रांती. एवढं सगळं सकाळचा कुकर लावून शिट्ट्या होईपर्यंत बसतं. लेक तेव्हा पाच वर्षांची होती. ती स्टुलावर बसून मोजायची, आणि दात घासता घासता मोजायची, त्यामुळे तिचे सात सेकंद कधी पाच व्हायचे, कधी अकरा. अकरा झाले तरी मी हात सोडत नसे. बुधवारी पहाटे सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक. वर पोचलं की ताक प्यायचं, बाटल्या झाडांना रिकाम्या करायच्या आणि गुडघे सांभाळत उतरायचं. साडेआठला घरात. इतर दिवशी वेताळ टेकडी. पहाटेचे ते तास कोणाच्याच वाट्याचे नसतात. सगळे झोपलेले असतात. म्हणून मी ते घेतले आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही आली नाही.

तक्रार रविवारांची होती, आणि ती ऋतूचीही म्हणायला हवी. सह्याद्रीत कातळावर चढायचे महिने मोजके. पावसाळ्यात कडे वाहत असतात, मार्चनंतर दगडाला हात लावता येत नाही. राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त निघतात, म्हणजे लग्नसराईही तेव्हाच. शाळेचं स्नेहसंमेलन डिसेंबरात. जोडून सुट्टी २६ जानेवारीची, आणि तीच मावशीकडच्या मुंजीलाही बरी पडते. ज्यांच्या घरी कोणी चढत नाही त्यांना वाटतं, वर्षाला बावन्न रविवार, त्यातले सहा घेतले तर काय बिघडलं! पण ते सहा रविवार नेमके तेच असतात जे सगळ्यांनाच हवे असतात. मी चुलतदिराच्या मुलीच्या हळदीला नव्हते. त्या आल्बममध्ये सगळ्या जावा आहेत, मी नाही. ती उणीव मी भरून काढू शकत नाही.

पायथ्याच्या गावात चहा देणारी मावशी विचारते, “लेकरू कुणापाशी ठेवलंस?” तिच्या विचारण्यात काळजी असते, आणि मी तिला आनंदाने सांगते: आजीपाशी, बाबापाशी. तेच लग्नाच्या मांडवात विचारलं की त्यात दुसरा सूर असतो. आमच्या गटात पाच पुरुष आहेत, त्यातले तिघे बाप. त्यांना हा प्रश्न गेल्या सात वर्षांत कोणी विचारलेला मी ऐकला नाही.

हा प्रश्न फार जुना आहे. जुन्को ताबेई १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टवर पोचली. तिथे पोचलेली ती जगातली पहिली बाई. तेव्हा तिची मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती. मोहिमेसाठी पैसे मागायला गेल्यावर त्या जपानी बायकांना ऐकावं लागलं की घरी बसून मुलं सांभाळा. पैसा अपुरा म्हणून त्यांनी जुन्या गाड्यांच्या सीटचं कापड कापून त्याच्या पिशव्या आणि हातमोजे शिवले. मला तिच्या शिखरापेक्षा हे शिवणकाम जास्त जवळचं वाटतं. शिखराच्या बारा दिवस आधी हिमप्रपातात ती गाडली गेली होती, शेर्पांनी ओढून बाहेर काढलं. आपल्याकडे अरुणाचलची अंशू जामसेनपा, दोन मुलींची आई, मे २०१७ मध्ये पाच दिवसांत दोनदा एव्हरेस्टवर जाऊन आली.

आणि ॲलिसन हारग्रीव्ह्ज. १३ मे १९९५ रोजी ती कृत्रिम ऑक्सिजनशिवाय, शेर्पांच्या मदतीशिवाय एव्हरेस्टवर पोचली आणि वरून रेडिओवर तिने आपल्या दोन मुलांची आठवण काढली. बरोबर तीन महिन्यांनी, १३ ऑगस्टला, के-टूचं शिखर गाठून उतरताना वादळात ती गेली. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार. आई असून गेलीच कशी, असं तेव्हा फार लिहिलं गेलं. तोच मुलगा, टॉम बॅलर्ड, मोठा होऊन नाणावलेला गिर्यारोहक झाला आणि २०१९ साली नंगा पर्वतावर मरण पावला. मी या माय-लेकांबद्दल पुष्कळ वाचलंय. त्यांच्या गोष्टीतून मला कुठलंच उत्तर काढता येत नाही आणि काढावंसंही वाटत नाही. मी फक्त दर वेळी मुलीचा विचार करते, केटचा. जी खाली राहिली, दोन्ही वेळा.

आपल्याकडे कड्यावरची आई म्हटली की हिरकणी. कोजागिरीला दूध विकायला रायगडावर गेलेली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली. शाळेत शिकवताना सगळा भर तिच्या मायेवर असतो. मी हिरकणी टोकावर उभी राहून खाली बघितलं तेव्हा मला दुसरंच सुचलं. टोक गडाच्या पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी पूर्वेला उगवतो. म्हणजे ती उतरायला लागली असेल तेव्हा तो कडा गडाच्याच सावलीत असणार. वर माथ्यावर टिपूर चांदणं आणि तिच्या पायाखाली काळोख. कडा चढण्यापेक्षा उतरणं अवघड, कारण पाय ठेवायची जागा दिसत नाही, अंगठ्याने चाचपावी लागते. त्या बाईला कातळ कळत होता. तिच्या पायांना, बोटांना ते येत होतं. माया तर गडावर अडकलेल्या प्रत्येकीच्या पोटात असती. आख्यायिका असेल, पण ज्याने ती रचली त्यालाही हे ठाऊक असणार की नुसत्या मायेने कडा उतरत नाही. आणि मला हेही दिसतं की तिचं कौतुक होतं ते ती बाळाकडे उतरली म्हणून. मी बाळापासून लांब, वर जाते. त्या दोघींमधलं हे अंतर मी मान्य करते.

आता त्या रात्रीबद्दल.

तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी. तेलबैल. लोणावळ्याहून आंबी व्हॅलीच्या रस्त्याने, सालतर खिंडीतून पुढे गेलं की गावामागे दोन सरळसोट भिंती उभ्या दिसतात, मधे खिंड, खिंडीत भैरोबाचं ठाणं. जमिनीच्या भेगेतून लाव्हा वर आला, थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ही भिंत राहिली. चढाई उत्तम झाली. माझ्यासाठी परत सुरुवात केल्यापासूनची सर्वांत चांगली. त्रिकोणाखाली मी ‘रा. ८’ लिहून आले होते.

उतरताना दोर अडकला. रॅपल करून, म्हणजे दोरावरून सरकत, खाली आल्यावर दुहेरी टाकलेल्या दोराचं एक टोक ओढायचं, म्हणजे दुसरं टोक वरच्या कडीतून निघून खाली येतं. ते येता येता फटका मारून एका कपारीत जाऊन बसलं. आम्ही भिंतीच्या मधल्या कंगोऱ्यावर चौघं. ओढून बघितलं, झटका देऊन बघितलं, दोर हलेना. अडकलेल्या दोरावर भार टाकून वर जाणं म्हणजे जिवाशी खेळ. हातात आलेल्या तेवढ्या दोरावर पुन्हा लीड करत, म्हणजे वरून दोराचा आधार नसताना, एकाने वर जायचं, सोडवायचं, परत यायचं. सूर्य कोकणात उतरला होता. हेडटॉर्चच्या उजेडात दगडाची खाच आणि दगडाची सावली सारखीच दिसते. त्याने ते शांतपणे केलं. मी बीले देत होते, म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळत होते. खिंडीत पोचायला सव्वानऊ, गावात पोचायला सव्वादहा. फोनला रेंज नाही. ती आली साडेअकराला, लोणावळ्याच्या अलीकडे, आणि एकदम अठरा मिस्ड कॉल.

घरी पोचले तेव्हा सव्वा वाजून गेला होता. दार उघडंच होतं. नवरा हॉलमध्ये खुर्चीवर बसला होता आणि त्याच्या पायात बूट होते. आमच्या घरात बूट दाराबाहेर काढतात. टीपॉयवर गाडीची किल्ली, टॉर्च, पाण्याची बाटली आणि लाइटबिलाच्या पाठीमागे पेन्सिलने काढलेला नकाशा: लोणावळा, खिंड, गाव, दोन उभ्या रेघा. त्याने तेलबैल कधी बघितलेलं नव्हतं. फोनवर शोधून शोधून तो काढला होता. माझा फोन आणखी पाच मिनिटं लागला नसता तर तो निघणार होता, एकटा, रात्री, त्या घाटात. सोफ्यावर लेक झोपली होती, गणवेश न बदलता. त्यांच्या शाळेचा त्या रविवारी कार्यक्रम होता. मी हात पुढे केला तर तो उठून आत गेला आणि माझं ताट गरम करून घेऊन आला. काही बोलला नाही.

सकाळी बोलला. मी ओरडा खायच्या तयारीत होते. तो म्हणाला, “तुझं जाणं मला कधीच खुपलं नाही. पण मी चार वर्षांत तबल्याची गवसणी सोडली नाहीये. तुझ्या लक्षात आलंय का?”

नव्हतं आलं. बेडरूमच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या कपड्यांखाली, ती दोन गोल गाठोडी मी रोज बघत होते. मी त्यांच्यावरच कपडे ठेवत होते. त्याचा शनिवारचा सराव कधी बंद पडला हे मला आठवेना. तो सांगत गेला: शनिवारी मी दुसऱ्या दिवशीची सॅक भरायचे, लवकर झोपायचे, लेकीचं जेवण, गृहपाठ त्याच्याकडे, एकदा गेला नाही, दोनदा गेला नाही, मग गुरुजींनी त्याची वेळ दुसऱ्याला दिली. त्याने ते मला सांगितलंही नव्हतं. त्या रात्री बूट घालून बसलेला असताना त्याच्या मनात पहिल्यांदा आलं की ही गेली तर मी नेमका कोण उरतो.

मी उठून गवसणी सोडली. शाईवर पांढुरकी बुरशी होती आणि वाद्या सैल पडल्या होत्या. डग्ग्यावर टिचकी मारली तर आवाज ओल्या लाकडासारखा आला. माझ्या घट्ट्यांची चार वर्षं मी इतकी काळजी घेतली होती, आणि त्याच्या तर्जनीची कातडी मऊ पडली होती. मी ती हातात घेऊन बघितली तेव्हा कळलं.

वेळेचा हिशेब मी करत होते. पहाटेचे तास कोणाचेच नाहीत, रविवार सहाच. ते आकडे खोटे नव्हते. पण ‘किती वाजता येशील?’ हा प्रश्न आमच्या घरात एकालाच विचारला जात होता आणि एकच जण तो विचारत होता. जो विचारतो तो त्या दिवशी कुठे जाऊच शकत नाही, हे माझ्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

तबला शाई भरायला दिला. कालनिर्णयावर शनिवारी जांभळा गोल यायला लागला. ज्या रविवारी त्रिकोण त्याच्या आदल्या शनिवारी गोल असेल तर सॅक शुक्रवारी भरायची, आणि शनिवारचा स्वयंपाक, गृहपाठ माझा. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, “अगं, तो ‘रा. ८’ म्हणजे नक्की काय धरायचं आम्ही? आठला काळजी सुरू करायची की आठला ताट वाढायचं?” त्यांना कोणी दोर, कपार, रेंज समजावलं नव्हतं, पण मुद्दा त्यांनीच पकडला. म्हणून दोन आकडे. पहिला ताट वाढायचा. दुसरा काळजीचा: अकरापर्यंत फोन नाही आला तर एकट्याने गाडी काढायची नाही, महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांनी मिळून चालवलेलं बचावाचं समन्वय केंद्र आहे, त्यांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. तो नंबर फ्रिजवर. शेजारी दर वेळी एक चिठ्ठी: कुठला कडा, कुठली बाजू, पायथ्याचं गाव, बरोबर कोण कोण, गाडीचा नंबर.

आणि कड्यावर आम्ही एक वेळ ठरवतो. दीड वाजता जिथे असू तिथून खाली.

गेल्या हिवाळ्यात नाणेघाटाजवळ जीवधनच्या वानरलिंगीवर होतो. बाविसाव्या वर्षी मी तिच्या माथ्यावर बसून शेंगदाण्याचा लाडू खाल्ला होता. सकाळी आग्या मोहोळ घोंघावताना दिसलं म्हणून तासभर हललो नाही. आपल्या कड्यांवर दगडाइतकीच त्या माशांची भीती. मग मधल्या टप्प्यात एक चांगली वाटलेली पकड हातात निघून आली. बसाल्ट असाच, थरावर थर, एक लोखंडासारखा, त्याखालचा मुरमासारखा. त्यात वेळ गेला. दीड वाजला तेव्हा माथा चाळीसेक फूट वर होता. कातळ चांगला दिसत होता, ऊन अंगावर होतं, बोटांत जोर होता. मैत्रीण खालून काही बोलली नाही; तिने फक्त मनगटावरचं घड्याळ माझ्याकडे वळवून दाखवलं. मी कातळात ठोकलेल्या बोल्टला स्वतःला बांधलं आणि ‘खाली’ म्हणाले. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं. सातला पाच कमी असताना घरात होते. ताट वाढलेलं होतं, कोणाला काही विशेष वाटलं नाही. भाजी वांग्याची होती.

घरी येणं म्हणजे घरी असणं, हेही मला लेकीने शिकवलं. ती शाळेतलं काही सांगत असायची आणि माझी बोटं जेवणाच्या टेबलावर आपोआप हलत असायची. ही पकड, मग ती, मग उजवा पाय. एकदा तिने बोलणं थांबवून आपला छोटा तळवा माझ्या हातावर ठेवला. “आई, आता तुझे हात बंद कर.” मी केले. अजून विसरते, आणि ती अजून तळवा ठेवते.

तिला कडे आवडत नाहीत. मला वाटलं होतं आवडतील. आठव्या वर्षी तिला हार्नेस बांधून छोट्या कातळावर नेलं, ती दहा फूट चढली, वळून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “झालं. मला हे नको आहे.” त्या रात्री मी खूप वेळ जागी होते. घरात माझ्या या वेडाला कोणीतरी वारस हवा होता, कारण मग त्यासाठी घेतलेल्या रविवारांचं काही उत्तर देता आलं असतं. ते उत्तर तिच्याकडून मागायचा मला हक्क नव्हता.

ती खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या प्रियांका इंगळेच्या टीमने नेपाळला हरवून तो जिंकला. तो सामना आमच्या लेकीने टीव्हीच्या इतक्या जवळ बसून बघितला की सासूबाईंनी तिला दोनदा मागे ओढलं. तेव्हापासून गुडघे कायम सोललेले. पोलला वळसा घालताना ती हाताने खांब पकडून अंग असं बाहेर झोकून देते की माझ्या पोटात गोळा येतो.

परवाच्या रविवारी सासवडला तिची स्पर्धा होती, आणि त्याच चौकोनात माझा त्रिकोण. मी खोडायला स्केचपेन उचललं तर म्हणाली, “तू जा. तू बघत असलीस की मी सारखी तुझ्याकडे बघते आणि बाद होते.” बाबाही नको, आजीही नको, शाळेची बस आहे. पहाटे साडेपाचला तिला बसमध्ये बसवलं, गुळपोळीचा डबा दिला, आणि मी तेलबैलला गेले.

साडेसहालाच परत आले. दोर सुरळीत निघाला होता, रस्ता मोकळा होता. हातपाय धुवायच्या आधी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. कालनिर्णयावर माझ्या हिरव्या त्रिकोणाशेजारी लाल पेनाने एक उभी रेघ, वर टोपी असलेली. खो-खोचा पोल. त्याखाली तिच्या अक्षरात ‘सं. ७’.

सात वाजले. सव्वासात वाजले. आतून तबल्याचा आवाज येत होता, तोही मधेच थांबायचा, गेटचा आवाज झाला का हे ऐकायला, आणि परत सुरू व्हायचा. सासूबाईंनी तिचं ताट घेतलं होतं. माझ्या नखांत अजून तेलबैलची माती होती. मी पोळ्या लाटायला घेतल्या, आणि खिडकी उघडी ठेवली.